गल्ल्यावरच्या माणसाला गोदामात पाठवू नका : दुकानाचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर का अडकतं?



आपल्याकडे शिकायला दोन प्रकारची मंडळी येतात. पहिली म्हणजे इतवारी, गांधीबाग, महाल, कळमना या भागांतले दुकानदार आणि अडते. त्यांना आपल्या धंद्यापुरतं एक साधं बिलिंगचं किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर हवं असतं. दुसरी म्हणजे बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली पोरंपोरी. त्यांना असं सॉफ्टवेअर बनवून स्वतःचा धंदा उभा करायचा असतो. या दोघांची गाठ पडते, काम ठरतं, अर्धे पैसे हातात येतात, सॉफ्टवेअर बसतं. दोन महिन्यांनी पाहावं तर दुकानदार परत वहीवर लिहितोय आणि पोराचे उरलेले पैसे अडकलेत.

दोघंही एकमेकांना दोष देतात. दुकानदार म्हणतो, "पोराला काही येत नाही." पोरगा म्हणतो, "काकांना कॉम्प्युटर वापरता येत नाही." मग पोरगा ठरवतो की टूलकिटच चुकलं. टिकिंटर सोडतो, क्यूटी शिकतो, किंवा सी शार्प धरतो आणि सगळं नव्याने लिहितो. नव्या सॉफ्टवेअरचीही तीच गत होते.

माझं मत स्पष्ट आहे. डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा एकाच कारणाने येतात. जे काम पडद्याचं नाही ते पडद्याकडून करून घेतलेलं असतं, आणि जे काम खरंच पडद्याचं आहे त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. टूलकिट कुठलंही घ्या, हे दुरुस्त केल्याशिवाय काही बदलत नाही.

आधी एक शंका : आजकाल डेस्कटॉप कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाईल आहे, वेबसाईट आहे, मग विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर कशाला लिहायचं?

ठोक बाजारातल्या दुकानात जा आणि गल्ल्याजवळ दहा मिनिटं उभे राहा. कीबोर्डवर बोटं चालताहेत, बाजूला प्रिंटर आहे, बारकोड स्कॅनर आहे, समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि इंटरनेट कधी आहे, कधी नाही. अशा जागी दुकानातच बसवलेलं, नेट नसलं तरी बिल काढणारं, कीबोर्डवर चालणारं सॉफ्टवेअर आजही सर्वांत सोयीचं पडतं. टॅली इतकी वर्षं आपल्या बाजारांत टिकून आहे, त्यातही या सोयीचा मोठा वाटा आहे. म्हणून डेस्कटॉप संपला असं समजू नका. छोट्या धंद्यात त्याला काम आहे आणि ते करणाऱ्याला पैसेही आहेत.

काउंटर आणि गोदाम

दुकानदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. काउंटरवरच्या माणसाचं काम काय? गिऱ्हाईकाचं ऐकणं, माल दाखवणं, पैसे घेणं. तेलाचा डबा गोदामातून आणायचा असेल तर मालक स्वतः उठत नाही, पोऱ्याला पाठवतो. मालकच गोदामात गेला तर गल्ला उघडा आणि गिऱ्हाईक ताटकळत.

सॉफ्टवेअरचा पडदा म्हणजे काउंटर. त्याने तीन कामं करावीत : माहिती घेणं, माहिती दाखवणं, आणि विचारलं की लगेच उत्तर देणं. बाकी सगळं, म्हणजे डेटाबेस, कराचा हिशेब, प्रिंटिंग, बॅकअप, हे गोदामातलं काम. आता नेहमीच्या तक्रारी एकेक करून घेऊ.

तक्रार पहिली : "बटण दाबलं की सॉफ्टवेअर लटकतं"

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. "महिन्याचा रिपोर्ट" बटण दाबलं की खिडकी पांढरी पडते, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं. घाबरून दुकानदार चार वेळा क्लिक करतो, शेवटी मशीन बंद करतो.

यामागचं कारण समजून घ्या. टिकिंटर असो, क्यूटी असो की विनफॉर्म्स, पडद्याचं सगळं काम एकाच धाग्यावर चालतं. त्याला मेन थ्रेड म्हणतात. तो एक गोल चक्कर मारत असतो : कळ दाबली का, माऊस हलला का, खिडकी पुन्हा रंगवायची का. तुम्ही बटणाच्या क्लिकमध्येच वीस सेकंदांचं काम टाकलं, तर ही चक्कर वीस सेकंद थांबते. विंडोज साधारण पाच सेकंद वाट पाहतं आणि खिडकी उत्तर देत नाही असं जाहीर करतं. म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. मालक गोदामात गेलेला असतो.

जेकब नील्सन यांनी १९९३ साली लिहिलेली वेळेची मोजमापं आजही कामाची आहेत. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते लगेच झाल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची लय तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. गल्ल्यावर तर त्याहून कमी सहनशक्ती असते.

उपाय असा. जड काम वेगळ्या थ्रेडवर द्या, म्हणजे पोऱ्याला गोदामात पाठवा. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा : पोऱ्याने गल्ल्यात हात घालायचा नाही. दुसऱ्या थ्रेडमधून लेबल बदललं, तक्ता भरला, तर कधी चालतं, कधी सॉफ्टवेअर अचानक बंद पडतं. "माझ्या लॅपटॉपवर तर चाललं होतं" हे वाक्य बहुतेक इथूनच येतं. पोऱ्याने काम झाल्याची चिठ्ठी ठेवायची आणि मालकाने ती उचलून पडदा बदलायचा. टिकिंटरमध्ये ही चिठ्ठी म्हणजे क्यू. मेन थ्रेड "आफ्टर" वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती बघतो. क्यूटीमध्ये हेच काम सिग्नल करतो. विनफॉर्म्समध्ये इन्व्होक आहे, आणि २०१२ पासून सी शार्पमध्ये असिंक-अवेट आलं आहे.

एक पळवाट बरेच जण वापरतात. लूपच्या मध्येच "अपडेट" किंवा "प्रोसेस इव्हेंट्स" बोलावतात, म्हणजे खिडकी जिवंत दिसते. हे करू नका. पहिलं सेव्ह चालू असताना गिऱ्हाईकाच्या घाईत दुकानदार पुन्हा सेव्ह दाबतो, आणि तुमचा कोड अर्ध्या कामातून दुसऱ्यांदा आत शिरतो. एका मालाची दोन बिलं बनतात. काम सुरू झालं की बटण बंद करा, "रिपोर्ट तयार होत आहे" असं लिहा, आणि "थांबवा" बटण द्या. एवढ्याने अर्धी तक्रार मिटते.

तक्रार दुसरी : "दर बदलले, आता पोराला शोधा"

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे टप्पे बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतांश वस्तू ५ आणि १८ वर आल्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर तक्त्यात ठेवले होते, तिथे बदल करायला थोडाच वेळ लागला असणार. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपडाऊनच्या आत ५, १२, १८, २८ असे आकडे थेट कोडमध्ये लिहिले होते आणि हिशेब बटणाच्या क्लिकमध्ये होता, तिथे काय होणार? दुकानदार त्या पोराला फोन लावत बसणार, आणि पोरगा तोवर पुण्यात नोकरीला लागलेला असणार.

दर हा पडद्याचा भाग नाही. तो डेटाबेसमध्ये असावा, आणि सोबत "कोणत्या तारखेपासून" ही नोंद असावी. नवा दर आला की जुन्यावर लिहायचं नाही, नवी ओळ टाकायची. कारण ऑगस्टच्या बिलातला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर हिशेब ऑगस्टच्याच दराने निघायला हवा. जुनं बिल पुन्हा छापलं आणि त्यावर नवा दर आला, तर सीए तुम्हाला काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

करून बघा : तुमच्या कोडमध्ये कराचा हिशेब करणारं फंक्शन खिडकी न उघडता चालतं का? चालत नसेल तर गोदाम काउंटरवरच मांडलंय असं समजा.

तक्रार तिसरी : "बेरजेत एक पैसा कमी येतो"

एक पैशाने काय होतं, असं म्हणू नका. दिवसाचा गल्ला जुळला नाही तर नोकरावर संशय जातो. हिशेबावरचा विश्वास उडाला की सॉफ्टवेअर गेलंच.

कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक दोनच्या पटीत साठवतो, त्यामुळे काही आकडे नेमके बसत नाहीत. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. आता दुकानातलं उदाहरण घ्या. माल ५३.५० रुपयांचा, कर ५ टक्के. नेमका कर २.६७५ रुपये. पायथॉनमध्ये ५३.५ ला ०.०५ ने गुणून दोन दशांशांपर्यंत राऊंड करा, २.६८ येतं. तेच ५३.५ ला ५ ने गुणून १०० ने भागा आणि राऊंड करा, २.६७ येतं. माल तोच, कर तोच, उत्तरं दोन. बिलाच्या पडद्यावर एक पद्धत आणि रिपोर्टमध्ये दुसरी वापरली, की एक पैशाचा फरक आलाच. मग तो शोधत रात्र जाते.

उपाय सोपा आहे. पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका. पायथॉन आणि सी शार्प दोन्हीकडे डेसिमल आहे, ते वापरा. किंवा सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा. राऊंड कुठे करायचं, ओळीवर की एकूण रकमेवर, हे दुकानदाराच्या सीएला विचारून एकाच फंक्शनमध्ये लिहा. पडद्यावरच्या खोक्यातला मजकूर उचलून त्याचीच पुन्हा बेरीज करणं तर पूर्ण बंद करा. खोक्यात जे दिसतं ते दाखवण्यापुरतं असतं, खरा आकडा आत असतो.

दाखवताना मात्र आपल्या पद्धतीने दाखवा. पायथॉनचा साधा स्वल्पविराम १,२५०,००० असा आकडा देतो. आपला दुकानदार १२,५०,००० वाचतो. साडेबारा लाख म्हणायला त्याला शून्यं मोजावी लागली, तर ते सॉफ्टवेअर त्याला परकंच वाटणार.

तक्रार चौथी : "मराठी नाव शोधलं तर सापडत नाही"

ही खास आपली अडचण आहे. परदेशी व्हिडिओत हिचं उत्तर मिळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट. जुन्या दुकानांत कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतात. त्या मराठीत दिसतात, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की सगळा गोंधळ उघडा पडतो. असा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच ओतू नका. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि दुकानातल्या माणसाकडून यादी डोळ्यांखालून घालून घ्या. या कामाचे वेगळे पैसे सांगा, कारण ते खरंच वेगळं काम आहे.

दुसरी गोष्ट. युनिकोडमध्येही एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. आपल्याच भागातला शब्द घ्या : "वऱ्हाडी". त्यातला अर्धा र एका पद्धतीत "ऱ" हे वेगळं अक्षर आणि हलन्त असा येतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. "वऱ्हाडी ठेचा" एका कीबोर्डवरून भरला आणि दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला, तर "माल सापडला नाही" असं उत्तर येऊ शकतं. मग दुकानदार तोच माल पुन्हा नव्याने भरतो आणि स्टॉक दोन जागी वाटला जातो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हा फरक मिटवत नाही. त्यासाठी साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन तुम्हालाच लिहावं लागेल. पाच-सहा ओळींचं काम आहे, पण गोदामातलं आहे. प्रत्येक खिडकीत वेगळं लिहू नका.

तिसरी गोष्ट. "वऱ्हाडी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटर मोजतो सात, आणि जॉइनरवाल्या रूपात आठ. "नाव २० अक्षरांचं" अशी मर्यादा घालून कापाकापी केली, तर मराठी नावं अर्ध्या काना-मात्रेवर तुटतात. बिलावर आपलं नाव तुटलेलं पाहायला कुणालाच आवडत नाही.

चौथी गोष्ट दिसण्याची. मराठीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतो, म्हणून ओळीला उंची जास्त लागते. टिकिंटरच्या ट्रीव्ह्यू तक्त्यात ओळीची उंची आपोआप वाढत नाही, ती स्टाईलमध्ये स्वतः द्यावी लागते. नाही दिली तर "सूं" आणि "कूं" यांचे पाय कापले जातात. टूलकिट निवडण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या : "वऱ्हाडी", "राष्ट्र", "क्षेत्र", "गिऱ्हाईक" हे चार शब्द लेबलवर, लिहायच्या खोक्यात, तक्त्यात आणि छापील कागदावर नीट येतात का ते पाहा. छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा देवनागरी अक्षरं नसतातच. तिथे बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं. हे काम घेताना कळलेलं बरं, द्यायच्या दिवशी नव्हे.

तक्रार पाचवी : "लाईन गेली, बिल गेलं"

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, कूलर आणि एसी जोरात चालतात आणि लाईन कधी जाईल याचा भरवसा नसतो. चाळीस ओळींचं बिल भरत आणलंय आणि मशीन बंद पडली. ते चाळीस माल फक्त पडद्यावर असतील तर गेले.

काउंटरवर काहीही साठवून ठेवायचं नाही. प्रत्येक ओळ भरली की ती "कच्चं बिल" म्हणून डेटाबेसमध्ये गेली पाहिजे. एसक्यूलाइट यासाठी पुरेसं आहे. ते फुकट आहे, एका फाईलमध्ये मावतं, आणि व्यवहार पूर्ण होण्याआधी लाईन गेली तर पुन्हा उघडताना अर्धवट बदल मागे घेतं. अट एकच : बिलाची नोंद आणि स्टॉकची वजाबाकी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. नाहीतर बिल बनेल आणि स्टॉक तसाच राहील. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू झालं की विचारा : "अपूर्ण बिल आहे, पुढे चालू करायचं का?" या एका प्रश्नाने दुकानदाराचा जो विश्वास मिळतो तो रंगीबेरंगी बटणांनी मिळत नाही.

आता पडद्याचं खरं काम

गोदामाचं काम गोदामात गेलं की काउंटर मोकळा होतो. मग पडद्याकडे लक्ष द्या. इथे मला तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

एक, कीबोर्ड. बिल करणारा माणूस माऊसला हात लावत नाही, त्याला एंटर मारत पुढे जायची सवय आहे. बहुतेक टूलकिटमध्ये पुढच्या खोक्यात जायला टॅब लागतो. त्याला टॅब शिकवू नका, तुम्ही एंटर बसवा. पण सांभाळून. बारकोड स्कॅनर हा कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, आणि कोड वाचून झाल्यावर तो बहुधा स्वतःच एंटर पाठवतो. तुम्ही एंटरला "बिल सेव्ह करा" हे काम दिलं असेल, तर पहिला साबण स्कॅन होताच बिल बंद होईल. सेव्हला वेगळी कळ द्या. कर्सर नेहमी माहीत असलेल्या जागी परत यायला हवा.

दोन, पडद्याचा आकार. तुमच्या लॅपटॉपवर मोठा पडदा असेल. दुकानात अनेकदा १३६६ बाय ७६८ चा जुना पडदा असतो, आणि अक्षरं बारीक दिसतात म्हणून विंडोजमध्ये १२५ किंवा १५० टक्के स्केल लावलेलं असतं. पिक्सेल मोजून बटणं ठेवली असतील तर "सेव्ह" बटण खाली पडद्याबाहेर जातं. टिकिंटरमध्ये "प्लेस" ऐवजी "ग्रिड" वापरा आणि कोणता रकाना ताणायचा ते वेट देऊन सांगा. क्यूटीमध्ये लेआऊट वापरा. एकूण रक्कम आणि सेव्ह बटण कधीही स्क्रोलमध्ये जाऊ देऊ नका.

तीन, चुकीचा निरोप. "एरर ५०१" लिहून काय उपयोग? "प्रिंटर बंद आहे. बिल सेव्ह झालं आहे, प्रिंटर सुरू करून पुन्हा छापा" असं लिहा. काय बिघडलं, काय वाचलं, आता काय करायचं, एवढं एका वाक्यात सांगा. आणि दर वेळी मध्ये खोकं उघडून ओके मागू नका. पाचव्या वेळी माणूस न वाचताच ओके दाबतो, आणि सहाव्या वेळी तिथे "सगळा डेटा पुसायचा का?" असं लिहिलेलं असतं.

"आता कोड तर एआय लिहून देतो ना?"

देतो की. दोन मिनिटांत खिडकी उभी करून देतो. पण तुम्ही "बिलिंगचं सॉफ्टवेअर बनव" एवढंच सांगितलं, तर तो बऱ्याचदा सगळा हिशेब बटणाच्या क्लिकमध्येच टाकून देतो, दर कोडमध्ये लिहितो आणि पैसे फ्लोटमध्ये ठेवतो. त्याला दुकान माहीत नाही. दुकान तुम्हाला माहीत असायला हवं. वर सांगितलेल्या अटी त्याला आधीच घाला, कराचं फंक्शन वेगळं मागा, ५३.५० रुपयांची परीक्षा स्वतः घ्या. नागपुरात बसून काम करणाऱ्या पोरासाठी हाच मोठा फायदा आहे. खिडकी कुणीही बनवेल, पण इतवारीतल्या काउंटरवर अर्धा दिवस बसून सगळं बघणं तुम्हालाच जमेल.

दुकानदारांनो, हे तुमच्यासाठी

काम देताना पैसे तीन भागांत ठरवा. पहिला सुरुवातीला, दुसरा सॉफ्टवेअर बसल्यावर, तिसरा खालची परीक्षा पास झाल्यावर. आणि परीक्षा पास झाली की तिसरा भाग त्याच दिवशी द्या. पोराच्या मेहनतीचे पैसे लटकवून चांगलं काम कुणालाच मिळालेलं नाही. सोबत वर्षभराच्या देखभालीचा वेगळा करार करा. दर बदलतात, प्रिंटर बदलतो, विंडोज बदलतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे विसरू नका.

परीक्षा तुमच्याच दुकानात, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच नोकराच्या हातून घ्या :

१. वर्षभराचा रिपोर्ट काढायला लावा आणि तो चालू असताना खिडकी हलवून बघा. हलली पाहिजे.

२. सेव्ह बटण पटापट तीनदा दाबा. बिल एकच बनलं पाहिजे.

३. ५३.५० रुपयांचा माल ५ टक्के कराने बिलात घ्या. बिल, दिवसाचा रिपोर्ट आणि महिन्याचा रिपोर्ट, तिन्हीकडे कर सारखाच आला पाहिजे.

४. "वऱ्हाडी" नावाचा माल एका कीबोर्डवरून भरा, दुसऱ्यावरून शोधा आणि बिलावर छापा.

५. बिल अर्धवट असताना मशीनची वायर काढा. पुन्हा सुरू केल्यावर भरलेल्या ओळी परत आल्या पाहिजेत.

६. माऊस बाजूला ठेवा आणि दहा मालांचं बिल सुरुवातीपासून छापण्यापर्यंत नेऊन दाखवा.

या सहा गोष्टींत कुठेही टूलकिटचं नाव नाही, हे लक्षात आलं असेल. टिकिंटरमध्येही त्या जमतात, क्यूटीमध्येही, सी शार्पमध्येही. जे येतं त्यात करा, पण काउंटर आणि गोदाम वेगळं ठेवा.

या आठवड्याच्या व्हिडिओत पहिली परीक्षा टिकिंटरमध्ये करून दाखवतो : रिपोर्ट वेगळ्या थ्रेडवर, चिठ्ठ्यांसाठी क्यू आणि "थांबवा" बटण. पुढच्या व्हिडिओत "वऱ्हाडी"वालं फंक्शन घेऊ. तोवर ज्यांचं सॉफ्टवेअर दुकानात बसलेलं आहे त्यांनी उद्याच सकाळी जाऊन पाचवी परीक्षा घ्या. वायर काढण्याआधी बॅकअप घ्यायला विसरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.